मायनं लिहिलेला मेनू

माझ्या मायला आकडे लहानपणापासून वाचता यायचे. अक्षरं मात्र चाळिशी उलटल्यावर आली. चाकूरला आमची पिठाची गिरणी होती. बाप मोटर आणि पट्टा बघायचा, तराजू मायच्या हातात. काट्यावरचा बोटभर फरक तिच्या नजरेतून सुटायचा नाही. लोकांनी डब्यांवर रंगानं लिहिलेली नावं मात्र तिला वाचता यायची नाहीत. कुठल्या डब्याला पोचा आलाय, कुणाची कडी तुटलीय, कुणाच्या पिशवीला कसली चिंधी बांधलीय, यावरून ती डबे ओळखायची. एकाचं पीठ दुसऱ्याच्या घरी गेलं असं कधी झालं नाही. त्यामुळं तिला वाचता येत नाही हे गावात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं, आणि तिचंही त्यावाचून काही अडत नव्हतं.

हॉटेलात जायचा प्रसंग वर्षातून दोन-तीनदा यायचा, तोही अहमदपूरला बाजाराला गेलो की बसस्टँडसमोर. तिथं खांद्यावर फडकं टाकलेला एक वयस्कर माणूस टेबलापाशी यायचा आणि सगळं एका दमात म्हणून दाखवायचा. भजे, पोहे, चुरमुऱ्यांचा सुशीला, उप्पीट, आलूबोंडा. माय त्याला मुद्दाम दुसऱ्यांदा म्हणायला लावायची. मग विचारायची, "भजे गरम हायत का?"

"खरं सांगू का माय, सकाळचे हायत. सुशीला आत्ताच टाकलाय."

"मग सुशीलाच दे."

हॉटेलात जाणं म्हणजे तिच्या लेखी एवढंच होतं. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं खरं सांगायचं.

मी बावीस वर्षांची असताना बी.एड.च्या प्रवेशासाठी आम्ही दोघी नांदेडला गेलो. सकाळपासून दोघींच्या पोटात काही नव्हतं. कॉलेजात गेल्यावर कळलं की एका कागदावर सही-शिक्का राहिलाय. माय म्हणाली, "तू ये जाऊन. मी त्या समोरच्या हाटेलात बसते, काहीतरी खाऊन घेते." तासाभरानं मी परत आले तर ती ताठ बसलेली. पुढं ताट. ताटात दोन पोळ्या आणि रश्श्यात दोन अंडी. कशालाही हात लावलेला नव्हता.

आम्ही लिंगायत. आमच्या घरात अंड्यानं उंबरा ओलांडलेला नव्हता. मी म्हणाले, "माय, हे काय?"

"मीच मागवलं," ती म्हणाली. "तुझं काम झालं का?"

ती उठली, पैसे दिले, पदर सारखा केला आणि आम्ही बाहेर पडलो. बसमध्ये तिनं खिडकीची जागा धरली आणि लोहा गाव मागं पडलं. मग खिडकीकडं बघतच तिनं सांगितलं. पोऱ्यानं टेबलावर एक कार्ड आणून टाकलं होतं. तिनं विचारलं, काय काय हाय? तो म्हणाला, लिहिलंय की त्यात. तिनं कार्ड उघडलं. डावीकडं नुसत्या रेघोट्या, उजवीकडं आकडे. आकडे तिला कळत होते. फार महाग नाही, फार स्वस्त नाही, असा मधला एक आकडा निवडून तिनं त्यावर बोट ठेवलं. अंडी आल्यावर ती म्हणाली, हे मी मागवलं न्हाई. तर तो साऱ्या हॉटेलला ऐकू जाईल असा ओरडला, "बाई, तुम्हीच बोट ठेवलं की!" लोक वळून बघायला लागले. कुणीतरी हसलं.

"मग तू उठून बाहेर का नाही आलीस?" मी विचारलं.

"उठले असते तर पळाले म्हणले असते. मी बसून राहिले. बगा म्हणलं किती बगायचं ते."

बस चाकूरला टेकता टेकता ती म्हणाली, "मला वाचाया शिकीव."

मला हुरूप आला. शिक्षिका व्हायच्या आधीच मला विद्यार्थिनी मिळाली होती. मी अंकलिपी आणली. क कमळाचा, ख खटाऱ्याचा. दोन दिवस तिनं ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी पुस्तक मिटवून माझ्या हातात दिलं. "कमळ मी कुठं खाणार हाय? मला जे पायजेल ते शिकीव."

तिला हॉटेल पाहिजे होतं. चाकूरच्या बाजारात एका हॉटेलावर पांढऱ्या पत्र्याची लाल अक्षरांची पाटी होती. आम्ही तिच्यासमोर उभ्या राहायचो. माय सगळ्यांत आधी जो शब्द वाचायला शिकली तो 'भजे'. मग 'भाकर', कारण भ आलाच होता. मग 'चहा', मग 'पोहे'. घरी आल्यावर गिरणीच्या भिंतीवर साचलेल्या पिठात ती बोटानं लिहून बघायची आणि गिऱ्हाईक आलं की तळव्यानं पुसून टाकायची. जोडाक्षरांचा तिला राग. 'उप्पीट' तिनं महिनाभर लांब ठेवलं. 'स्पेशल' वाचता आलं तेव्हा ती खूश झाली नाही, उलट भडकली. "काय स्पेशल हाय ते लिवलंच न्हाई. निस्तं स्पेशल म्हणून कसं चालंल?" हॉटेलवाल्याला तिनं ते जाऊन विचारलं. तो आजवर कुणी विचारलं नव्हतं म्हणून गडबडला आणि दुसऱ्या आठवड्यात त्यानं त्याखाली 'लसूण जास्त' असं लिहून घेतलं.

दीड वर्ष लागलं. माझा बी.एड.चा निकाल लागला तेव्हा ती हट्टानं नांदेडला आली आणि हट्टानं एका कार्डाच्या हॉटेलात शिरली. अंडं मिळालेलं ते हॉटेल नव्हे, दुसरं. तिनं कार्ड हातात घेतलं आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्यानं वाचून काढलं. वेटर एका पायावरून दुसऱ्या पायावर होत उभा. तिनं घाई केली नाही. खालचं छापखान्याचं नावसुद्धा वाचलं. मग म्हणाली, "शेवभाजी. तिखट करा म्हणावं."

हे सगळं इतकं सविस्तर सांगितलं, कारण गेल्या वर्षी लातूरला जे झालं ते त्याशिवाय कळणार नाही. ज्यांना ते नुसतंच म्हातारीचं खूळ वाटलं त्यांना हे ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, तरी सुरुवातीला मलाही खूळच वाटलं.

आता माय सत्तरीत आहे. बाप गेल्यावर गिरणी विकली आणि ती माझ्याकडं अहमदपूरला आली. मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवते. मोतीबिंदूमुळं चार-पाच महिने तिला वाचता आलं नव्हतं. लातूरला ऑपरेशन झालं, नंतर तपासणी झाली, नवा चष्मा मिळाला. दवाखान्यातून बाहेर पडल्या पडल्या ती रस्त्यावरच्या दुकानांची नावं वाचत सुटली. म्हणाली, "आज चांगल्या हाटेलात जेवू. कार्डाच्या."

मी तिला एका नव्या, थंडगार, काचेच्या हॉटेलात नेलं. टेबलावर पाण्याच्या बाटलीशेजारी काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन चिकटवलेला होता. वेटर आला, तरणाबांड, इस्त्रीचे कपडे. म्हणाला, "आजी, हे स्कॅन करा. मेनू मोबाइलवर येईल."

"कार्ड दे बाबा."

"कार्ड नसतंय आता. सगळं डिजिटल हाय."

मी पर्समधून मोबाइल काढला. मायनं माझ्या मनगटावर हात ठेवला. "तू ठेव ते. मी माझं वाचणार हाय."

"बरं, तोंडी सांग," ती वेटरला म्हणाली. "काय काय हाय आज?"

तो पोरगा गोंधळला. आगाऊ नव्हता, त्याला खरंच सांगता येईना. "लई हाय आजी, दोनशे आयटम हायत. ऑर्डर मोबाइलवरून सरळ किचनला जाती. मी निस्तं आणून ठेवतो."

"म्हणजे आत काय शिजून राहिलं ते तुला बी ठाऊक न्हाई?"

त्यानं मॅनेजरला हाक मारली. मॅनेजर आला. सभ्य माणूस, त्यानं एक मोठा टॅब मायच्या हातात दिला. पडद्यावर बोट लागलं की चित्रं सरासर वर पळायची. नावं इंग्रजीत. तिनं नव्या चष्म्यातून बघायचा प्रयत्न केला, डोळ्यांना पाणी आलं. टॅब तिनं टेबलावर पालथा ठेवला.

"चित्रं बघून मागवाया मी काय लेकरू हाय का?"

आजूबाजूचे लोक बघायला लागले. मला लाज वाटली. लपवण्यात अर्थ नाही, वाटली. तालुक्याच्या शाळेतली विज्ञानाची बाई मी, मुलांना संगणक शिका म्हणून सांगणारी. मी हळूच म्हणाले, "माय, मी वाचून दाखवते ना. काय फरक पडतो?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला बसमधली ती खिडकी आठवली. "फरक पडतो," ती म्हणाली आणि उठली. मला वाटलं बाहेर चालली. ती उलट्या बाजूला वळली, दार ढकललं आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. मॅनेजर मागोमाग, त्याच्यामागं मी.

आत चार शेगड्या धडधडत होत्या. एका कोपऱ्यात निलंग्याकडची एक बाई भाकरी थापत होती. माय तिच्यासमोर उभी राहिली. "बाई, आज काय काय केलंय?"

त्या बाईनं हातचं पीठ झटकलं आणि सांगायला लागली. कुणीतरी विचारलं याचाच तिला आनंद झाला असावा. मायनं माझ्याकडं हात पुढं केला. मी पेन दिलं. दवाखान्याच्या जाड पाकिटाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तिनं लिहायला घेतलं. मोठी, वाकडी, एकमेकांपासून लांब लांब ठेवलेली अक्षरं. वरन. भात. मेथी. शेवभाजी. झुनका. वांग. दही. प्रत्येकासाठी थांबून विचारायची, आजचंच ना? तिखट किती? वांगं सकाळचं आहे म्हटल्यावर तिनं वांगं खोडलं.

"आन् त्या पातेल्यात?"

"ती आमची, कामावरच्या माणसांची," बाई म्हणाली. "अंबाडीची भाजी. मेनूत न्हाई ती."

मायनं लिहिलं, आंबाडी.

मॅनेजर म्हणाला, "आजी, ती सिस्टीममध्ये नाही. बिलच निघणार नाही."

"माझ्या कागदावर हाय," माय म्हणाली. "मशीनला शिकवा तुमच्या. मी चाळिशी उलटल्यावर शिकले, तिला काय धाड भरली?"

भाकरी थापणारी बाई तोंडाला पदर लावून हसायला लागली. मॅनेजरही हसला, पण त्याच्या कपाळावरची आठी गेली नाही.

आम्ही टेबलावर परत आलो. मायनं पाकीट उभं धरून वरपासून खालपर्यंत वाचलं, मग ऑर्डर दिली. भाकरी, अंबाडी, वरण, दही. वेटरनं बरेच दिवसांत पहिल्यांदाच कागदावर लिहून घेतलं असावं, पेन आमच्याकडूनच घेतलं. जेवण चालू असताना पलीकडच्या टेबलावरचे एक काका उठून आले. धोतर, टोपी, बरोबर त्यांची घरची माणसं. "अक्का, त्यो कागद जरा देता का? आमचा पोरगा मोबाइल घेऊन गाडी लावायला गेलाय, आम्ही कवाचे त्याची वाट बघून राहिलो." मायनं पाकीट दिलं. तिथून ते तिसऱ्या टेबलावर गेलं. निघताना मी ते मागायला लागले, त्यावर डोळ्यांच्या डॉक्टरांची पुढची तारीख होती. माय म्हणाली, "राहू दे. तारीख मला पाठ हाय."

बाहेर पडताना मॅनेजर मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, पुढच्या वेळी तुम्हीच स्कॅन करा. आत कस्टमर अलाउड नाही." मी नेहमी अशा वेळी 'सॉरी' म्हणून मोकळी होते. त्या दिवशी म्हणाले, "पुढच्या वेळी कार्ड ठेवा." आणि माझाच आवाज मला अनोळखी वाटला.

एवढ्यावर सगळं बदललं असं काही नाही. महिन्याभरानं कामासाठी लातूरला गेले तेव्हा काचेतून डोकावले. चौकोन तसाच होता. कार्ड नव्हतं. माय त्या हॉटेलात पुन्हा गेली नाही.

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये मी मात्र तिच्याशी भांडले होते. माझ्या नववीच्या वर्गात एक मुलगी आहे, तिला जन्मापासून ऐकू येत नाही. हॉटेलात पूर्वी तिच्या वतीनं दुसरंच कुणीतरी बोलायचं. मोबाइलवरचा मेनू आल्यापासून ती स्वतःचं स्वतः मागवते. तिनंच मला अभिमानानं लिहून दाखवलं होतं. मी मायला म्हणाले, "तुला त्रास होतो म्हणून तिची सोय काढून घ्यायची का?"

"मी काढा म्हणले का?" माय म्हणाली. "तिला ते ठेवा, मला हे ठेवा. पूर्वी कार्ड आलं तवा त्यांनी सांगायचं बंद केलं. आता मोबाइल आला तवा कार्ड बंद केलं. दर बारीला कुणीतरी बाहेर राहतंय आन् त्यालाच म्हणतेत, तू अडाणी."



पुढच्याच महिन्यात तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन आलं. आमच्या शाळेकडून दोन मुलींनी मॉडेल केलं होतं, मंगळावरची माणसांची वस्ती. एक ही ऐकू न येणारी, दुसरी तिची मैत्रीण, दोघींचं मिळून बोलणारी. पाण्याच्या बाटल्या अर्ध्या कापून केलेले घुमट, थर्माकोलचे बोगदे, लाल माती खास मुरमाच्या खाणीवरून आणलेली. भाजीपाल्याचं हरितगृह होतं, हवा शुद्ध करायची खोली होती, आणि एक जेवणाची मोठी खोली. मायला मी बघायला नेलं. तिनं चष्मा पुसला आणि सगळ्या चिठ्ठ्या एक एक करून वाचल्या. जेवणाच्या खोलीपाशी थांबली.

"हितं काय मिळतं ते कुठं लिवलंय?"

बोलकी मुलगी तयारीची होती. "आजी, तिथं मेनूच नसणार. प्रत्येकाच्या मनगटावर पट्टी असेल. वजन, रक्त, झोप, सगळं मशीनला कळेल. कुणी काय खायचं ते मशीन ठरवेल आणि पडद्यावर दाखवेल."

"आन् मला ते नको असंल तर?"

"नको म्हणायचं नसतं आजी. तिथं अन्न मोजकं असणार."

"मोजकं माझ्या घरी बी होतं," माय म्हणाली. "तरी मी पोरीला इचारायची, पिठलं करू का वरण? दोनच असू दे. पर इचारायचं. ज्या ठिकाणी काय खायचं ते इचारत न्हाईत, त्याला जेल म्हणतेत. आमच्या गावचा एक जण जाऊन आलाय, त्याला इचारा."

मुलगी हसली, मग हसायची थांबली. ती मैत्रिणीकडं वळली आणि हातवाऱ्यांनी तिला सगळं सांगितलं. ऐकू न येणारी ती मुलगी मंडपाबाहेर गेली आणि तिथल्या शाळेच्या पहिलीच्या वर्गातून एक पाटी-पेन्सिल घेऊन आली. पाटी जेवणाच्या खोलीशेजारी उभी केली. तिचं अक्षर वर्गात सगळ्यांत सुंदर. तिनं लिहिलं:

आज : उकडलेला बटाटा. शेवाळाची वडी. मेथी (थोडीच आहे). नको असल्यास सांगा. दुसरं काही हवं असल्यास तेही सांगा.

दुपारी परीक्षक आले. मॉडेल त्यांना आवडलेलं दिसत होतं. पाटी बघून ते थबकले. "एवढी प्रगत वसाहत आणि ही पाटी? बंद हवेत पेन्सिलची भुकटी उडेल, यंत्रात जाईल. काढा ती."

"सर, भुकटी नको असेल तर सुईनं कोरून लिहू," बोलकी मुलगी म्हणाली.

"पण लिहायचं कशाला? प्रणालीला सगळं माहीत आहे."

"प्रणालीला माहीत आहे सर. जेवणाऱ्याला कुठं माहीत आहे?"

"पडद्यावर दिसेल ना."

"पडदा पण ठेवलाय सर. हिला तोच लागतो," तिनं मैत्रिणीकडं बोट केलं. "पण पाटी पण राहील. आणि तोंडी सांगणारं एक माणूस पण. आम्ही ते आत्ताच वाढवलंय." खरंच, जेवणाच्या खोलीच्या दारात आगपेटीतल्या काडीचं एक माणूस उभं केलं होतं, खांद्यावर कापसाचा तुकडा. मायनं जेवायच्या सुट्टीत त्यांना अहमदपूरच्या बसस्टँडची गोष्ट सांगितली होती, हे मला नंतर कळलं.

परीक्षक माझ्याकडं वळले. "मॅडम, तुम्ही मार्गदर्शक आहात ना? समजावा त्यांना. पहिल्या तिनात येण्यासारखं मॉडेल आहे."

आमचे मुख्याध्यापकही शेजारी उभे होते. ते मला डोळ्यांनी खुणावत होते. एक पाटी उचलून टेबलाखाली ठेवायची, एवढंच काम होतं. दोघी मुली माझ्याकडं बघत होत्या. माय आमच्याकडं बघत नव्हती, ती शेजारचं सौर चुलीचं मॉडेल वाचत होती.

"पाटी त्यांची आहे सर," मी म्हणाले. "त्यांनी विचार करून ठेवलीय. मी काढणार नाही."

त्यांनी खांदे उडवले आणि कागदावर शेरा लिहिला : भोजनकक्षातील पाटी विसंगत व अनावश्यक. खाली मार्गदर्शक शिक्षकाच्या सहीची जागा होती. मी पेन घेतलं, 'मला हे मान्य नाही' असं लिहिलं आणि त्याखाली सही केली. मुख्याध्यापक दबक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, असं लिहायची पद्धत नाही."

"मग आजपासून आहे सर," मी म्हणाले.

नंबर आला नाही. उत्तेजनार्थसुद्धा नाही. सौर चूल जिल्ह्याला गेली. मला वाटलं होतं मुली रडतील. त्या मॉडेल उचलून टेम्पोत ठेवताना सारखं एकमेकींना हातवारे करत होत्या. मी विचारलं, काय ठरतंय? बोलकी म्हणाली, "बाई, पुढच्या वर्षी चंद्र करायचा. तिथं हॉटेल तीन ठेवणार, तिन्हीच्या दारात पाटी."